दगड घरचा, लाकूड परमुलखातलं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पिरॅमिड, देवळं, ओबेलिस्क (एकाच दगडातले उंच, निमुळते स्तंभ) सगळं दगडी आणि इजिप्त म्हणजे वाळवंट, मग या बांधकामांत सुताराला काम तरी काय होतं? त्याला जोडून दुसरा प्रश्न, की सुकी लाकडी पाचर दगडात ठोकून तिच्यावर पाणी ओतायचे आणि ती फुगून ग्रॅनाइट फुटायचा, हे खरं का?

मी गेली तीसेक वर्षं जुने वाडे आणि देवळांचे लाकडी सभामंडप दुरुस्त करतो. इजिप्तच्या दगडावर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. लाकडाबद्दल मात्र सुताराच्या नजरेनं सांगावं असं बरंच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी झाडांचं बघू, कारण सगळं तिथून सुरू होतं. इजिप्तमध्ये झाडं अगदीच नव्हती असं नाही. नाईलच्या काठानं बाभूळ होती, आणि ती आपलीच बाभूळ. तिच्या शास्त्रीय नावातला 'निलोटिका' हा शब्दच नाईलवरून आलेला आहे. शिवाय उंबराच्या कुळातलं सिकॅमोर, नदीकाठचा झाऊ, बोर, खजूर. बैलगाडीची चाकं, नांगर, कुळव ज्यानं बाभळीचे केलेत त्याला तिचा स्वभाव ठाऊक असतो. टणक, चिवट, धक्का सोसणारी, पण सरळ वाढेल तर शपथ. हातभर सरळ तुकडा मिळाला की पुढे वाक नाहीतर गाठ. सिकॅमोरचा घेर मोठा असतो, पण लाकूड हलकं आणि किडीला लगेच बळी पडणारं. खजुराच्या खोडातून फळी निघत नाही, ते आख्खंच तुळईसारखं टाकायचं. म्हणजे खुंट्या, मोगऱ्या, गाड्यांची धावपट्टी यांना घरचं लाकूड पुरत होतं. वीस हात लांब सरळ तुळई हवी असेल तर देशात ती मिळायची सोय नव्हती.

ती यायची लेबनॉनच्या डोंगरांतून, बिब्लॉस बंदरातून समुद्रमार्गे. लेबनॉनचा सीडर हा आपल्या हिमालयातल्या देवदाराचा सख्खा भाऊ. खोड सरळसोट, लाकूड तेलकट आणि सुवासिक, कीड सहसा धरत नाही, तासायलाही मऊ. स्नेफ्रू राजाच्या काळात, म्हणजे इ.स.पू. २६०० च्या सुमारास, अशा लाकडानं भरलेली ४० जहाजं आल्याची नोंद 'पालेर्मो शिला' नावाच्या दगडी वार्षिकवहीत आहे. राजानं केलेल्या स्वाऱ्यांच्या बरोबरीनं लाकडाच्या आवकीची नोंद ठेवावीशी वाटली, यातच त्याचं मोल कळतं.

पुढच्या काळातला एक मजकूर तर मला एखाद्या वखारीतल्या घासाघिशीसारखा वाटतो. इ.स.पू. १०७५ च्या आसपासची ती वेनामुनची हकीकत. थीब्जहून अमुन देवाच्या नौकेसाठी लाकूड आणायला हा माणूस बिब्लॉसला जातो. तिथला राजा झकरबाल त्याला सरळ सांगतो, तुमच्या आधीच्यांनी पैसे मोजले, तुम्हीही मोजा. मग इजिप्तहून माल येतो: सोन्याचांदीची भांडी, कापड, ५०० बैलांची कातडी, ५०० दोर, पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाच्या, ५०० गुंडाळ्या, मसुराची २० पोती, माशांच्या ३० टोपल्या. तेव्हा कुठे तो राजा ३०० माणसं आणि ३०० बैल तोडणीला लावतो. ही घडलेली गोष्ट की रचलेली, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण लाकडाच्या बदल्यात काय काय द्यावं लागे, हे रचणाऱ्यालाही नीट ठाऊक होतं.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाची गुरुकिल्ली इथेच आहे. आपल्या वाड्यांत दगड जोत्यापुरता आणि वर सगळा सागवानी सांगाडा, कारण सागवान घाटातून उतरवता येत होतं. इजिप्तमध्ये हिशेब उलटा. दगड पायाखाली, लाकूड परमुलखातलं. त्यामुळे कायमच्या कामात दगड गेला, आणि लाकूड गेलं ते त्या कामाच्या हाताखाली: ओढायला, टेकवायला, जोडायला, मोजायला. काम झालं की ते काढून पुढच्या कामाला न्यायचं. म्हणून आज पाहणाऱ्याला ते दिसत नाही, दिसतात त्याच्या खुणा.

ओढण्यापासून सुरुवात करतो. चाक इजिप्तला माहीत होतं, पण जड दगड चाकावर नेत नसत. मऊ जमिनीत चाक रुतून बसतं. ते वापरत बिनचाकी घसरगाडी. दहशूरला तिसऱ्या सेनुस्रेतच्या पिरॅमिडजवळ अशी एक खरीखुरी गाडी सापडली. लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास. दोन जाड धावपट्ट्या, पुढून वर वळवलेल्या, आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे कूस काढून खाचेत बसवलेले. सांध्यांकडे बघितलं की हे हात रोजच्या सरावाचे आहेत हे कळतं. देर अल-बर्शा इथल्या जेहुतीहोतेपच्या थडग्यात याच गाडीचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र आहे. साधारण इ.स.पू. १८५०. १३ हात उंचीचा पुतळा, वजन अंदाजे ५८ टन, ओढणारी १७२ माणसं, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा राहून गाडीपुढे पाणी ओतणारा एक माणूस. हे पाणी धार्मिक विधी असावं असं पूर्वी बऱ्याच जणांना वाटे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रयोग करून दाखवलं की वाळू योग्य प्रमाणात ओली केली तर ओढायला लागणारी ताकद जवळपास निम्मी होते. कोरडी वाळू गाडीपुढे ढीग होऊन साचते, ओली दबून राहते. पाणी जास्त झालं तर पुन्हा चिखल. म्हणजे तो पाणी ओतणारा माणूस कसबी होता.

गोल ओंडक्यांवरून दगड सरकवत नेण्याचं चित्र शाळेच्या पुस्तकांत असायचं. घट्ट, सपाट फरशीवर थोड्या अंतरासाठी ते चालतं. उघड्या जमिनीवर ओंडका तिरका होतो, दबतो आणि बाभळीचा असला तर गाठीवर अडतो. त्यापेक्षा त्यांनी काय केलं हे लिश्त इथे पहिल्या सेनुस्रेतच्या पिरॅमिडभोवतीच्या उत्खननात दिसलं. तिथले बांधकामाचे रस्ते लाकडं आडवी टाकून, मध्ये चुनखडीच्या कपच्या आणि चिखल भरून केलेले होते. आपल्या रेल्वेच्या स्लीपरसारखे. आणि ही लाकडं कुठली? मोडीत काढलेल्या मालवाहू नावांची. जाड फळ्या, त्यांवर जुन्या सांध्यांच्या खाचा तशाच.

हे वाचलं तेव्हा मला फार आपलेपणा वाटला. एका वाड्यात माळवद उतरवताना मला अशी तुळई मिळाली होती जिच्यावर चार खाचा होत्या आणि त्या वाड्यात त्या चारांतल्या एकीलाही काम नव्हतं. ती आधी दुसऱ्याच कुठल्या घरात उभी राहून आली होती. चांगलं लाकूड कोणी टाकत नाही. लिश्तच्या मुकादमानंही टाकलं नाही. त्या खाचांवरून आज त्या काळच्या नावांची बांधणी अभ्यासता येते, कारण तशा नावा अखंड फारशा उरलेल्याच नाहीत.

चढावाचंही एक सांगतो. हतनूब या अलाबास्टर नावाच्या मऊ, पांढरट दगडाच्या खाणीत २०१८ साली फ्रेंच आणि ब्रिटिश अभ्यासकांनी एक उतार जाहीर केला. काळ खुफू राजाचा, म्हणजे गीझाच्या थोरल्या पिरॅमिडचा. चढ २० टक्क्यांहून जास्त, दोन्ही अंगांना पायऱ्या आणि जागोजाग खांब रोवण्याची भोकं. त्या खांबांना दोराचे वेढे देऊन काही माणसं वरून आणि काही खालच्या अंगानं ओढू शकत. विहिरीवर रहाट नसताना झाडाच्या बुंध्याला दोर फिरवून जड वस्तू सोडणारा कोणीही हे तत्त्व ओळखेल. इतक्या उभ्या चढावर खांबाशिवाय दगड धरून ठेवणं मला अशक्य वाटतं. तो खांब कुठल्या लाकडाचा आणि किती खोल रोवलेला, यावर सगळ्यांचे जीव अवलंबून.

आता पाचरीचं. लाकूड फुगतं आणि फुगताना जोर लावतं, हे खरं. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं तेव्हा घरोघरी हे कळतं. पण कोंडलेलं लाकूड एका मर्यादेनंतर समोरच्याला ढकलण्याऐवजी स्वतःच दबून जातं, आणि सुकल्यावर आधीपेक्षा लहान होऊन ढिलं पडतं. वाकसाचा दांडा पाण्यात बुडवून घट्ट केला की आठ दिवसांनी जास्तच हलू लागतो तो यामुळे. मऊ, थरांच्या दगडात लाकडी पाचर चालेल. अस्वानच्या ग्रॅनाइटमध्ये मात्र फेरोंच्या, म्हणजे इजिप्तच्या जुन्या राजांच्या, काळातलं काम दुसऱ्याच रीतीचं दिसतं. तिथला अर्धवट सोडलेला ओबेलिस्क जवळपास ४२ मीटर लांब, वजन हजार टनांच्या वर. त्याच्याभोवतीचे चर डोलेराइट या टणक काळ्या दगडाच्या गोळ्यांनी ठेचून ठेचून खोदलेले आहेत. त्या ठोकांच्या वाटीसारख्या खुणा ओळीनं दिसतात. ओळीनं पाडलेली पाचरींची भोकंही अस्वानला आहेत, पण ती बहुतेक पुढच्या, लोखंड आल्यानंतरच्या काळातली. त्यामुळे या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे.

दगडात बसलेलं लाकूड मात्र होतं, वेगळ्या रूपात. दोन चिऱ्यांच्या सांध्यावर डमरूच्या आकाराची खाच पाडून तिच्यात तशाच आकाराचा लाकडी तुकडा बसवत. त्यानं चिरे एकमेकांपासून सरकत नसत. पहिल्या सेती राजाच्या काळातल्या अशा तुकड्यांवर राजाचं नावही कोरलेलं मिळालं आहे. कर्नाकच्या किंवा कोम ओम्बोच्या देवळांत गेलात तर पडक्या भिंतींच्या माथ्यावर या रिकाम्या डमरू-खाचा बघा. लाकूड गेलं, साचा राहिला.

पिरॅमिडच्या पोटातही लाकूड आहे. दहशूरच्या वाकड्या पिरॅमिडच्या वरच्या दालनात सीडरचे ओंडके भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवे ठोकलेले आहेत, अजूनही. त्या बांधकामाला चालू असतानाच तडे गेले होते. बाहेरून चढाचा कोन मध्येच कमी केलेला दिसतो आणि आत हे धिरे. ते बघून माझ्या पोटात कालवतं, कारण हे काम मी केलेलं आहे. भिंत फुगायला लागली की रात्रीतून टेकू द्यावे लागतात, आणि त्या वेळी वखारीत असेल ते सर्वांत सरळ, सर्वांत जाड लाकूड उचललं जातं, भाव विचारायला कोणी थांबत नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथल्या मुकादमानं लेबनॉनहून आलेलं लाकूड असंच उचललं असणार.

थोरल्या पिरॅमिडमधला एक तुकडा याहून लहान पण माझ्या लेखी फार मोलाचा. १८७२ साली वेनमन डिक्सन या इंजिनिअरला तथाकथित राणीच्या दालनाच्या झरोक्यात तीन वस्तू मिळाल्या: डोलेराइटचा गोळा, तांब्याचा हूक आणि सीडरचा एक तुकडा. लाकूड पुढे हरवलं. ते २०२० साली अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात सिगारच्या एका डब्यात सापडलं, आणि कार्बन चाचणीत त्याचं वय निघालं इ.स.पू. ३३४१ ते ३०९४. म्हणजे पिरॅमिडच्या आधी पाचेकशे वर्षं! लगेच काहींनी पिरॅमिड मानतात त्याहून जुना असल्याचं लिहिलं. सुताराला यात नवल वाटत नाही. कार्बन चाचणी झाड कधी तोडलं ते सांगत नाही, खोडातलं वाढीचं ते विशिष्ट कडं कधी तयार झालं ते सांगते. सीडर शेकडो वर्षं जगतो. गाभ्याजवळचा तुकडा घेतला तर तो तोडणीच्या दिवशीच तीन-चारशे वर्षांचा असू शकतो. त्यात ते लाकूड आधी दुसरीकडे वापरलेलं असेल तर आणखी वर्षं वाढली. पिरॅमिडच्या दगडांमधल्या गाऱ्यातल्या कोळशाच्या १९८४ आणि १९९५ सालच्या चाचण्यांतही तारखा अपेक्षेहून जुन्याच आल्या होत्या. तिथेही कारण बहुधा तेच, भट्टीत जुनं, मोडीतलं लाकूड जळालं. लाकडाची टंचाई अशी तारखांतही उतरते.

हत्यारांबद्दल अनेकांची कल्पना असते की तांब्यानं काय लाकूड कापणार. मेकेत्रेच्या थडग्यातला सुतारशाळेचा छोटा नमुना बघावा, सुमारे इ.स.पू. १९८० चा. मध्ये एक खांब पुरलेला, त्याला ओंडका उभा बांधलेला, आणि एक माणूस त्याला वरून खाली चिरतोय. ही रीत करवतीमुळे आली. तांब्याची पात ढकलली तर वाकते, म्हणून दात मुठीकडे वळवायचे आणि करवत ओढूनच कापायची. चीर मिटून पात अडकू नये म्हणून तिच्यात पाचर. बाकी वाकस, पटाशी, मोगरी, धनुकलीनं फिरणारा सामता, गुण्या, ओळंबा, सगळं ओळखीचं. सेन्नेजेमच्या थडग्यात मिळालेली ओळंब्याची लाकडी चौकट आजच्या गवंड्याच्या हातात दिली तर तो लगेच जोतं तपासायला लागेल. रंधा तेवढा नव्हता. पृष्ठभाग वालुकाश्मानं घासून काढत. सक्काराच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली सहा पातळ थरांची शवपेटी मिळाली, प्रत्येक थर सुमारे ४ मिलिमीटर, आणि रेषा आलटून पालटून आडव्या-उभ्या. आजच्या प्लायवुडचं तत्त्व तेच.

त्याच सक्काराला दगड लाकडाची नक्कल करतो. पायऱ्यांचा पिरॅमिड बांधणाऱ्या जोसेर राजाच्या आवारात दगडी छताला गोल ओंडक्यांचा आकार दिलाय, आणि कायमची उघडी दगडी दारं कोरलीत, फिरायच्या खुंट्यांसकट. त्याआधीच्या राजांची अबायडोस इथली थडगी आतून लाकडानं मढवलेली असत. बांधणारे हात लाकडाचे होते, साहित्य तेवढं बदललं. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला सागवानी फासळ्या आजही आहेत. कातळाला त्यांची गरज नव्हती, पण कारागिराच्या मनातलं छत फासळ्यांशिवाय पुरं होत नव्हतं. अगदी वेगळा देश, वेगळा काळ, पण मनाची वाट एकच.

सागवानाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण हे मला बऱ्याचदा विचारतात. आपलं सागवान पिरॅमिडांत नाही. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात ते सापडलं आहे, इमारतींत पुन्हा वापरलेलं, बहुधा मोडलेल्या जहाजांचं. पण तो काळ रोमन, पिरॅमिडांनंतर अडीच हजार वर्षांचा.

शेवटी नाव, कारण तिच्याशिवाय हे उत्तर अपुरं. दगड बहुतेक पाण्यावरून आला. वादी अल-जर्फ या जुन्या बंदरात मिळालेल्या मेरेर नावाच्या मुकादमाच्या पपायरस-नोंदी २०१३ सालापासून अभ्यासल्या जात आहेत. तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरायचा, गीझाला पोचवायचा, परत फिरायचं, अशी दिवसांची नोंद त्यात आहे. इनेनी नावाचा अधिकारी पहिल्या थुतमोस राजाच्या ओबेलिस्कांसाठी १२० हात लांब आणि ४० हात रुंद नाव बांधल्याचं सांगतो, म्हणजे अंदाजे ६३ मीटर बाय २१ मीटर. इतक्या लाकडाला लागणारी सुतारांची फौज डोळ्यांसमोर आणून बघा.

खुफूची नाव मी पाहिली आहे, पिरॅमिडच्या शेजारच्याच संग्रहालयात होती तेव्हा. २०२१ साली ती नव्या मोठ्या संग्रहालयात हलवली. ती १९५४ साली दगडी खड्ड्यात सुटी करून रचलेली सापडली, १२२४ तुकडे, लांबी जोडल्यावर ४३ मीटरहून जास्त. सगळी मुख्यतः सीडरची, आणि फळ्या खिळ्यांनी नव्हे, दोरानं शिवलेल्या. फळीच्या जाडीतच आतून इंग्रजी व्ही अक्षरासारखं भोक काढलंय, म्हणजे दोर आतल्या अंगानं जातो आणि बाहेरून दिसत नाही, घासतही नाही. पाण्यात लाकूड फुगतं, दोर आवळतो, सांधा आपोआप बसतो. जोडणीचं काम अहमद युसुफ यांनी केलं, त्याला दशकाहून जास्त काळ गेला. त्यासाठी ते आधी नाईलवरच्या नाव बांधणाऱ्यांकडे जाऊन बसले, त्यांचे हात बघितले.

जोडणीत त्यांना मदत झाली ती तुकड्यांवरच्या खुणांची. जुन्या सुतारांनी नावेचे चार भाग धरले होते, पुढचा-मागचा, डावा-उजवा, आणि प्रत्येक भागाच्या तुकड्यांवर त्याचं चिन्ह कोरलं होतं. वाडा उतरवताना मीही हेच करतो. पूर्वेच्या सोप्याला एक खूण, पश्चिमेच्या सोप्याला दुसरी, आणि खूण नेहमी सांध्याच्या आत, जिथे पुन्हा बसवल्यावर ती झाकली जाईल. तिथे काचेपलीकडे उभा राहून मी बराच वेळ फळ्यांच्या कडांवर त्या खुणाच शोधत होतो.